होडीच्या तळाशी

गोजराबाईला घरात कशाचीही भीती वाटे. मुलाने, जानूने, पहिल्या पगारातून हौसेने आणलेला स्टोव्ह तिने कधी पेटवला नाही. पाल दिसली की ती ओट्यावर येऊन बसे आणि कोणीतरी पाल हाकलल्याशिवाय आत पाऊल टाकत नसे. तारापूरला पॉवर हाऊसच्या कामावर सुरुंग उडाला की "गेलं गं बाय घर!" म्हणून दाराची चौकट धरी. घर जागच्या जागी आहे असं दिसलं, की समोर येईल त्याला शिव्या देई.

हंसा सून होऊन या घरात आली त्याला वर्ष होत आलं होतं. सासूबद्दल तिचं मत बनून गेलं होतं. भित्री बाई, आणि चिकट. बोंबील वाळत घालायच्या वलांडीवरून कावळ्याने एक बोंबील उचलला तर ही त्याच्यामागे शेजारच्या आळीपर्यंत धावायची. कालवणात तेल जास्त पडलं तर जेवण होईपर्यंत तेलाबद्दल बोलायची.

"सासूबाय जरा हाताने आखडत्या हायत," हंसा माहेरी बेटेगावला गेली की सांगे, आणि सगळ्या हसत.

एक गोष्ट मात्र तिला कळत नव्हती. वाडीतली माणसं गोजराबाईबद्दल बोलताना हसत नसत. "गोजरीला विचारून वारा सुटतो," असं म्हातारे म्हणत. गोजराबाईच्या बापाला पाच मुली, मुलगा नाही. थोरली म्हणून बापाने तिलाच छोट्या होडीत घेतलं. बायांनी समुद्रावर जायचं नाही, हा वाडीचा रिवाज होता आणि तो तिने मोडला नाही. पण खाडी म्हणजे समुद्र नव्हे, असं बापाने ठरवलं, आणि पुढे नवऱ्यानेही तेच मानलं. नवऱ्याला, दामूला, दम्याने ओट्यावर बसवलं. जानू समुद्र सोडून पॉवर हाऊसच्या कामाला लागला. घरची होडी राहिली ती गोजराबाईच्या हातात. सुकी मासळी खाडीपलीकडे पोचवायची, तिथून ती लॉरीने मनोरच्या बाजाराला जायची. पाट्या उतरवायला दुसरं माणूस लागे म्हणून यंदापासून हंसा बरोबर जाऊ लागली.

दर खेपेला गोजराबाई आधी एक काम करी. किनाऱ्यावरची ओली वाळू गोण्यांत भरायची, गोण्या होडीच्या तळाला पसरायच्या आणि त्यावर मासळीच्या पाट्या. पलीकडे गेलं की पाट्या उतरायच्या. वाळू तशीच परत यायची.

"आय, ही वाळू मनोरला विकायची हाय का?" हंसाने एकदा विचारलं होतं.

"तुझ्या बापाला आंदण धाडते," गोजराबाई म्हणाली. समजावून सांगायची तिला सवय नव्हती. तिला कोणी काही समजावून सांगितलं नव्हतं.

हंसाच्या बापाचा सुक्या मासळीचाच धंदा, पण बैलगाडीवरचा. पाट्या कशा रचायच्या, दोर कसा आवळायचा, हे तिला लहानपणापासून येत होतं. आणि बैलगाडीचा नियम एकच: फुकटचं वजन खाली टाका, बैल वाचवा.

वैशाख संपत आला होता. पावसाआधीची ती शेवटची लॉरी. वलांड्या रिकाम्या करून सगळे बोंबील पाट्यांत भरले, तेव्हा एका खेपेत मावणार नाहीत इतक्या पाट्या झाल्या. गोजराबाई घरात दामूला काढा पाजत होती. तो नको म्हणत होता आणि ती त्याच्या सात पिढ्या काढत होती. तेवढ्यात हंसाने होडी भरून टाकली. वाळूच्या गोण्या तिने एकेक करून किनाऱ्यावर ओढून रिकाम्या केल्या. जागा झाली. पाट्यांवर पाट्या चढवल्या, गाडीवर चढवतात तशा, आणि घट्ट बांधून वर गोणपाट टाकलं. दुसरी खेप वाचली. आज तरी म्हातारीच्या तोंडून एक बरा शब्द निघेल, असं तिला वाटलं.

गोजराबाई धावतपळत आली. ओहोटी लागायच्या आत पार व्हायला हवं होतं आणि काढ्यापायी उशीर झाला होता. होडीत पाय टाकताना ती एक क्षण थांबली.

"आज ही नाचते कशी गं?"

"कुठं नाचते? बसा तुमी, आय. लॉरी सुटंल."

गोजराबाईने किनाऱ्याकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं आणि वल्हं उचललं.

अर्ध्या खाडीत वारा आला. आला म्हणजे आधी दिसला. खाडीच्या तोंडाकडून पाणी काळं पडत पडत त्यांच्याकडे सरकलं. ओहोटीचं पाणी बाहेर धावत होतं आणि वारा समुद्रावरून आत घुसत होता. दोघांची गाठ पडली तिथे लाटा उभ्याच्या उभ्या उठल्या, आखूड, एकीला लागून दुसरी. पहिला झोत उंच रचलेल्या पाट्यांवर आदळला आणि होडी एका अंगावर झोपली. पाणी काठावरून आत आलं. हंसा किंचाळली.

"वाळू कुठं हाय?" गोजराबाईने विचारलं.

"मी... काढली, आय. पाट्या मावत नव्हत्या."

हंसाला वाटलं, आता शिव्या. तेलासाठी जेवणभर बोलणारी बाई आता काय काय बोलेल! पण गोजराबाईने वल्ह्याचा एक लांब ओढा घेऊन होडीचं तोंड सरळ वाऱ्यावर धरलं. कमरेचा कोयता काढला आणि पाट्यांचा दोर एका घावात तोडला.

"वरच्या ढकल."

"आय, बोंबील—"

"ढकल!"

पाट्या पाण्यात पडल्या. एक, मग दुसरी, मग आणखी. महिनाभर कावळ्यांपासून राखलेले बोंबील लाटांवर पसरले आणि ओहोटीबरोबर निघून गेले. गोजराबाईने त्यांच्याकडे मान वळवूनही पाहिलं नाही. एक पाटी मात्र तिने रिकामी करून ठेवून घेतली. कडीला दोर बांधला, दोराचं दुसरं टोक होडीच्या पुढच्या टोकाला आणि पाटी समोर पाण्यात सोडली. बुडालेली पाटी पाणी धरून बसली. दोर ताणला आणि होडीचं डोकं, इतका वेळ इकडेतिकडे भिरभिरत होतं ते, कोणीतरी कासरा धरावा तसं वाऱ्याकडे वळून राहिलं.

"आता झोप."

"काय?"

"तळाला झोप. आडवी. वाळू काढलीस ना? आता तूच वाळू."

हंसा झोपली. पाठीखाली खारं पाणी, नाकात मासळीचा वास, दोन्ही कुशींना लाकूड. फळीच्या पलीकडून लाटांचे धपके तिच्या बरगड्यांवर बसत होते. एक फळी. पलीकडे खाडी, अलीकडे ती.

"उठायचं नाय. डब्याने पाणी काढ. पडल्या पडल्या काढ."

ती पडल्या पडल्या पाणी काढू लागली. आणि तिथून, तळातून, तिला सासू दिसली. आजवर तिने गोजराबाईला वरून पाहिलं होतं. म्हातारी तिच्या खांद्याएवढी होती. आता गोजराबाई आभाळभर होती. भेगाळलेले पाय दोन कुशींना रोवलेले. कासोटा ओला. चेहऱ्यावर भीती नव्हती, शौर्यही नव्हतं. स्वयंपाकघरात भाताला किती पाणी राहिलंय हे बाई आवाजावरून ओळखते, तशी ती ऐकत होती. लाट दिसायच्या आधी तिच्या खांद्याला कळत होती. वल्हं थोडं डावीकडे, लाट खालून गेली. थोडं उजवीकडे, पुढची गेली. ती लाटांशी झगडत नव्हती. एकेकीला वाट करून देत होती.

"आय, आपण भायेर चाललो!" हंसाला आभाळाच्या कडेला काठावरचं ताडाचं झाड मागे जाताना दिसलं.

"ओहोटी भायेर ओढते. वारा आत ढकलतो. दोन जावा भांडतात, भांडू दे त्यांना. आपण मधून सरकायचं."

"सरकतो का पण?"

"तू पाणी काढ."

ताड थांबला. मग हळूच, चोरपावलाने, दुसऱ्या अंगाला सरकू लागला. गोजराबाई पलीकडे जायची घाई करत नव्हती. वारा जोरात आला की नुसती धरून राही. किंचित सैल झाला की दोन ओढे घेई आणि पुन्हा धरून राही. एकदा मोठी लाट उठली. हंसाला ती तळातून दिसली, म्हणजे ती होडीहून किती उंच असेल! हंसाने डोळे मिटले. वल्ह्याचा कुरकुर आवाज झाला, होडी वर चढली, चढतच राहिली, आणि अलगद खाली बसली. डोळे उघडले तेव्हा गोजराबाई तशीच उभी होती, केसांतून पाणी गळत. ही बाई पालीला भिते. ही बाई.

किती वेळ गेला ते तिला कळलं नाही. होडी चिखलाला घासली. पलीकडच्या काठावर, धक्क्याच्या बरंच खाली, तिवरांच्या झाडीच्या आडोशाला त्या आल्या होत्या. इथे वारा वरून जात होता, पाणी शांत होतं. लॉरी केव्हाच गेली असणार. पाट्या उरल्या होत्या त्या तळच्या, आणि त्याही भिजलेल्या.

"ऊठ आता," गोजराबाई म्हणाली.

हंसा उठून तिच्या पाया पडायला वाकली.

"पाया कसल्या पडतेस? पयलं हे वल्हं सोडव."

गोजराबाईची बोटं वल्ह्यावर आवळलेली होती ती उघडत नव्हती. हंसाने एकेक बोट सोडवलं. करंगळीपासून. सगळी सुटली तेव्हा हात थरथरायला लागले, मग खांदे, मग ओठ. तेव्हा तिला कळलं, म्हातारी भ्यायली होती. पहिल्या झोतापासून भ्यायली होती. आणि भीत भीतच तिने ते सगळं केलं होतं.

"वारा पडेपर्यंत हितंच," गोजराबाई म्हणाली. "भरती लागली की उठव मला. होडी मोकळी सोडू नको."

ती तळाला आडवी झाली, हंसाच्याच ओल्या जागेत, आणि लगेच झोपली. हंसाने दोर तिवराच्या खोडाला बांधला. गाठ ओढून पाहिली. मग उरलेलं टोक स्वतःच्या मनगटाला दोनदा गुंडाळलं, आणि उन्हाच्या बाजूला, सासूवर सावली पडेल अशी, न हलता बसून राहिली.