विमानाला लावून विसरलेली डबी

हेडसेट गळ्यात अडकवून मी विमानाकडे पाठ फिरवली. वीसेक पावलं चाललो असेन, तर गळ्याशी कॅप्टनचा आवाज, "चाय तो मिली ही नहीं आज." को-पायलट हसला. मीही हसलो. आणि लगेच थबकलो. हा आवाज मला ऐकू यायलाच नको होता.

जरा समजावून सांगतो. मी मूळचा सांगलीचा. हवाई दलातून निवृत्त झालो आणि जयपूरच्या विमानतळावर ग्राउंड इंजिनिअर म्हणून चिकटलो. विमान उभ्या जागेवरून, म्हणजे बेवरून, निघताना ट्रॅक्टर त्याला मागे ढकलतो, तो पुशबॅक. तेव्हा मी पुढच्या चाकाशेजारून चालत कॅप्टनशी बोलत असतो. पूर्वी हे बोलणं तारेवर चालायचं. एक टोक विमानाच्या नाकाखाली, दुसरं माझ्या कानाला. ती तार सारखी पायात यायची आणि मी तिला शिव्या घालायचो. वर्षभर मॅनेजर राठौडसाहेबांच्या मागे लागून शेवटी वायरलेस सेट आणवले. यात तारेच्या जागी साबणाच्या वडीएवढी डबी विमानाला लावायची आणि मोकळं फिरायचं.

"कुलकर्णीजी, तार में क्या बुराई है?" साहेब म्हणाले होते. "चलो, एक महीना ट्रायल. गड़बड़ हुई तो सब वापस."

"गड़बड़ करेगा कौन सर? मैं?" मी ऐटीत म्हणालो.

ट्रायलचे चार दिवस उरले होते. पुशबॅक झाला, ट्रॅक्टर सुटला. चाकाजवळची लाल फितीची पिन मी काढली. ती आत असेपर्यंत विमानाचं स्टीअरिंग बंद असतं, म्हणून काढून कॅप्टनला दाखवायची पद्धत. दाखवली. त्यानं हात हलवला. पूर्वी विमानातून तार काढल्याशिवाय मला हलताच यायचं नाही. आज अडवायला कोणीच नव्हतं. डबी विमानालाच राहिली, म्हणून तर आवाज येत होता.

मागे वळलो तर विमान सरकायला लागलं होतं. डबी धावपट्टीवर पडली असती, तर दुसऱ्या एखाद्या विमानाच्या इंजिनानं ती गिळली असती. हेडसेट कानाला लावला.

"कॉकपिट, ग्राउंड! स्टॉप, स्टॉप!"

विमान थांबलं.

"ग्राउंड? आप तो चले गए थे!"

"मैं चला गया सर, पर मेरा डिब्बा आपके साथ जा रहा है."

"पार्किंग ब्रेक सेट. ले जाइए भाईसाब."

इंजिन चालू असताना जवळ जायचं ते समोरून, नाकाच्या सरळ रेषेत. गेलो. डबी काढली, कॅप्टनला दाखवली, बाजूला झालो. विमान गेलं.

"किसने देखा? छोड़ो," ट्रॅक्टरवाले मीणाजी म्हणाले. मोह झाला. हौसेनं आणवलेले सेट माझ्याच हातानं परत पाठवायचे? पण तीच डबी उद्या दुसरा कोणी विसरला तर? रिपोर्ट मीच लिहिला.

राठौडसाहेबांनी तो दोनदा वाचला. "आवाज़ नहीं आती तो?"

"डिब्बा उड़ जाता सर."

"और तार होती तो?"

मी डबी त्यांच्या टेबलावर ठेवली.

त्यांनी ड्रॉवरमधून जुन्या पिनेची लाल फीत काढली आणि डबीला स्वतः गाठ मारली. "अब दोनों दिखाओगे. पिन भी, डिब्बा भी."

सेट राहिले. आता दोन फिती दिसल्याशिवाय आमच्याकडचं विमान हलत नाही. तारेला शिव्या घालणं मी सोडून दिलंय. ती जे काम न सांगता करायची, ते आता मला रोज आठवणीनं करावं लागतं.