वाघबारशीचा भीमा

राजूरच्या वरच्या अंगाला, रानाला लागून असलेल्या वाडीत लोक थट्टेनं म्हणत की आपल्याकडे वाघ एकच, चांगुणाचा नवरा भीमा. एरवी माणूस इतका गरीब की कोंबड्यासुद्धा त्याला जुमानत नसत. पण दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला त्याच्या उघड्या अंगावर चुन्याचे नि कोळशाचे पट्टे ओढले, की तो शिवाराच्या हद्दीवरच्या, वाघोबाच्या शेंदरी दगडापुढे ओणवा होई. गुराखी काठ्या उगारून विचारत, "येशील का आमच्या शिवारात?" तो गुरगुरे, "न्हाई येनार." मग ओढ्यावर नेऊन पट्टे धुवायचे आणि त्याला पुन्हा माणूस करून घरी आणायचं. पट्टे आहेत तोवर त्याच्या तोंडून वाघच बोलतो, अशी सगळ्यांची पक्की समजूत. बाप गेल्यापासून भीमा हे करत होता, आणि चांगुणाला मनातून त्याचा अभिमान होता.

बाहत्तर साली पावसानं दगा दिला. ओढा दिवाळीआधीच आटला. पाणी उरलं ते रानातल्या झऱ्याला. रोज उजाडताना चांगुणा एकटीच हंडा घेऊन तिथं जाई, वाघानं दिलेल्या शब्दाच्या भरवशावर.

त्या वाघबारशीला राजूरचे शामकांत मास्तर नगरहून आलेल्या बहिणीला, लीनाताईंना, वाघाचं रान दाखवायला घेऊन आले. भीमानं त्यांना सकाळभर हिंडवलं. वाघ कसला दिसतोय! झऱ्याकाठच्या ओल्या मातीत एक पंजा तेवढा उमटला होता. लीनाताई हिरमुसल्या. दुपारी भीमाचा वाघ पाहून मात्र त्यांची कळी खुलली. ओढ्यात धुवायला पाणी नव्हतं, म्हणून शब्द देऊन झाल्यावरही भीमा पट्ट्यांनिशीच पाहुण्यांना निरोप द्यायला उभा राहिला.

लीनाताईंनी हात जोडले. "आता तुम्ही यायचं आमच्याकडे. येणार ना?"

पाहुण्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं? भीमा मुलखाचा भिडस्त. "व्हय, येनार की," तो म्हणाला.

पाहुणे हसत उतरणीला लागले. मागे गुराख्यांचे चेहरे पांढरे पडले होते.

दुसऱ्या दिवशी चांगुणाच्या अंगणात पंजे दिसले. घराला फेरी घालून ते उंबऱ्याशी आले होते, परत गेल्याची खूण कुठेच नव्हती. कुत्रं चुलीमागे लपलं होतं. झऱ्यावर ती वाकली, तर पाठीमागे कुणीतरी तिच्याच लयीत श्वास घेत होतं. हंडा तिथंच टाकून, मागे न बघता ती घरी आली.

भीमानं सगळं ऐकलं. "माज्यापायी तुजा जीव जायाचा," तो म्हणाला. "शब्द मीच मोडला, मीच पुन्ना देतो."

त्यानं पुसट झालेले पट्टे स्वतःच्या हातानं पुन्हा ओढले. पण प्रश्न विचारायला एकही गुराखी पुढे येईना. शेवटी चांगुणाच गेली.

ऊन चांगलं वर आलं होतं, तरी रानात पाखरू बोलत नव्हतं. भीमा दगडापुढे ओणवा होता. जन्मात तिनं नवऱ्याला एकेरी हाक मारली नव्हती.

"येशील का आमच्या शिवारात?"

तो पापणी न हलवता बघत राहिला. यानं आपल्याला ओळखलंच नाही, असं तिला वाटलं आणि ती मुळापासून हादरली. दगडामागचं गवत हळूहळू दबत होतं. तिनं पुन्हा विचारलं.

"न्हाई येनार."

आवाज भीमाचा होता, पण फार खोलातून आला. दगडामागचं गवत सरळ झालं, पुढचं हललं, मग त्याच्याही पुढचं, आणि ती हालचाल रानात शिरून दिसेनाशी झाली. चांगुणाला रडू फुटलं.

"गेला. सुटलो आपन," ती म्हणाली. "उठा आता. घरी चला."

भीमा उठला नाही. आता मात्र त्याचे डोळे तिला ओळखत होते, आणि ते भरून आले होते.

"कसा येऊ, चांगुणा?" तो म्हणाला. "आत्ताच न्हाई म्हनलो न्हवं?"