बांधावरचा फोन

रविवारी शहरातून फोन केलात की तुम्ही दोघं मला नेहमी विचारायचात, "आजी, तुझ्या फोनमध्ये एवढा वारा का येतो?" कारण मी बांधावर उभी असायचे. आपल्या संत्र्याच्या बगिच्याच्या टोकाला जो उंच बांध आहे, तिथेच फोन नीट लागायचा. घरात आवाज तुटायचा. वस्तीतले सगळेच बोलायला तिथे जात. एक जण बोलायचा, बाकीचे पाठ फिरवून उभे राहायचे आणि लक्ष देऊन ऐकायचे.

आमची वस्ती दोन टॉवरांच्या मधोमध आहे. एक पांढुर्ण्याच्या अंगाला, दुसरा सौसरच्या. दोन्ही आपापल्या परीने पूर्ण जोर लावत आणि मधल्या माणसापर्यंत पोचता पोचता एकमेकांच्याच आड येत. तुमची आत्या मोबाइल कंपनीत इंजिनिअर आहे. तिचं म्हणणं होतं की दोन्ही टॉवरांनी मिळून एकाच फोनला साथ द्यावी. ज्याचा आवाज त्या फोनपर्यंत चांगला पोचतो त्याने जास्त जोर लावावा, दुसऱ्याने कमी, आणि दोघांचा मिळून जोर ठरलेल्या हद्दीत राहावा. वरिष्ठांचा विश्वास बसत नव्हता. शेवटी एका दुपारची परवानगी मिळाली. फरक दिसला नाही तर विषय तिथेच बंद.

आदल्या दिवशी तिने वस्तीत सगळ्यांना समजावलं, तेव्हा शेजारचे काका अडून बसले.

"आपल्या पांढुर्ण्याच्या टॉवरचा जोर सौसरवाल्यायले कायले द्यायचा?"

"काका, आपल्या डीपीवर सगळ्यायनं एकदम मोटारी लावल्या तर काय होते?"

"कोणाचंच पाणी चढत नाही."

"मंग तुम्ही समजून लावता ना? टॉवरायलेही तेच शिकवून राहिली मी."

डीपी म्हणजे शेतातला विजेचा ट्रान्सफॉर्मर. ओलिताच्या दिवसांत त्यावरून झालेली भांडणं काकांइतकी कोणालाच ठाऊक नाहीत. उद्या फोन लावून पाहायला तेही तयार झाले. इंग्रजीतून मोठमोठ्या बैठका घेणारी माझी मुलगी इथल्या बोलीत इतकं नेमकं सांगते, याचं मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिचे साहेब नागपूरहून आले आणि आपल्या ओसरीवर लॅपटॉप उघडून बसले. दोन्ही टॉवर जोडले गेले. बराच वेळ गेला. साहेब म्हणाले, काही फरक नाही, आधीसारखंच चांगलं आहे. आधीसारखंच चांगलं? आत्याने मान वर केली आणि बांधाकडे पाहिलं. सारी वस्ती तिथे उभी होती. नेटवर्क तपासायचं म्हटल्यावर सगळे सवयीने बांधावरच गेले होते, बायका तर ठेवणीतली लुगडी नेसून. आणि बांधावरून सौसरचा टॉवर टेकाडाआड जातो. तिथे फक्त पांढुर्ण्याचाच आवाज पोचतो, म्हणून तर तिथे फोन लागायचा. दोघांनी मिळून काम केलेलं तिथे दिसणार कसं?

साहेबांनी घड्याळ पाहिलं. आत्या चपला न घालताच बांधाकडे निघाली. मला वाटलं ती रागावेल. तिने फक्त सगळ्यांना घरी जायची विनंती केली: आपापलं काम करा आणि तिथूनच फोन लावा. लोक नाराज झाले. एवढं तयार होऊन आलेलो, आता गोठ्यात बसून बोलायचं होय, असं काका म्हणालेच. पण गेले, आणि आत्याही ओसरीवर परतली.

थोड्या वेळाने तिथेच ओसरीवर माझा फोन वाजला. शेजारच्या काकू होत्या. एकही शब्द तुटत नव्हता.

"बाई, मी चुलीजवळून बोलून राहिली," त्या म्हणाल्या आणि तेच पुन्हा दोनदा म्हणाल्या, कारण पुढे काय बोलायचं ते त्यांनी ठरवलंच नव्हतं.

साहेबांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. त्यातलं मला काही कळलं नाही. मी आत्याच्या चेहऱ्याकडे पाहत होते. तिचे पाय अजून मातीने भरलेले होते. "आई, चहा ठेव," ती म्हणाली, "साहेब थांबून राहिले."

आता तो बदल कायमचा झाला आहे. काका अजूनही बांधावरच जाऊन बोलतात. घरात काकू ऐकतात म्हणे. मी मात्र स्वयंपाकघरातूनच बोलते. तेव्हा रविवारी माझ्या आवाजामागे कुकरची शिट्टी ऐकू आली, तर ती तुमच्या आत्याची करामत आहे हे लक्षात ठेवा, आणि तिथल्या मित्रांनाही सांगा.