नीलक्कानं तोडलेली जोडणी

गदगच्या उप्पिन छापखान्यातले संगणक नीलांबिका होसमनी सांभाळायची. फाँट बिघडला, प्रिंटर रुसला की हाक एकच, "नीलक्का!" पाठ्यपुस्तकांची पानं लावणाऱ्या बायकांना घरून काम करता यावं म्हणून मालकांच्या मागे लागून रिमोट डेस्कटॉप बसवला, तोही तिनंच. पण छापखान्याचे संगणक तिनं इंटरनेटवर उघडे टाकले नाहीत. आधी व्हीपीएनच्या बंद वाटेनं यायचं, पासवर्ड द्यायचा, मोबाईलवर आलेला आकडा टाकायचा, तेव्हा कुठे छापखान्यातला आपला संगणक घरच्या पडद्यावर दिसायचा.

"अक्का, आम्ही काय बँकेची तिजोरी उघडतोय?" बायका कुरकुरायच्या.

"प्रश्नपत्रिकाही इथंच छापतात. फुटली तर तुरुंगात डबा आणशील का मला?"

घरचा संगणक अडला तर इथूनच दुरुस्त करता यावा म्हणून प्रत्येकीकडे तिनं आणखी एक प्रोग्राम टाकला होता. त्यांतल्या सुमंगलाकडे त्यासाठी गेली तेव्हा चुरमुऱ्यांचं गिरमिट खाता खाता तिनं शब्द दिला होता, "तू 'हो' दाबल्याशिवाय तुझा पडदा कुणालाही दिसायचा नाही."

आणि एका सकाळी सुमंगला थेट तिच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"माझ्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट मालकांना कुणी दाखवला?"

"गाठ? कसली गाठ?"

"तुला ठाऊक नाही? त्यांना बरं ठाऊक! काल फोन करून म्हणाले, तुझं ऑपरेशन व्हायचंय, सातवीचं पुस्तक दुसऱ्या बाईला देतो. नवऱ्यालासुद्धा अजून सांगितलं नव्हतं मी. रिपोर्ट फक्त माझ्या संगणकावर उघडला होता. तू तो प्रोग्राम टाकलास ना, त्याच संगणकावर!"

नीलांबिका आपल्या संगणकाकडे वळली. त्या प्रोग्रामचं सेटिंग तिनं उघडून पाहिलं. परवानगी विचारायची सोय बंद केलेली होती. एकट्या सुमंगलाचीच नव्हे, सगळ्यांचीच. मालकाकडे असावा म्हणून मुख्य पासवर्ड चंद्रशेखर उप्पिननी मागून घेतला होता, आणि तिनं तो विश्वासानं दिला होता.

ती मालकांच्या खोलीत शिरली, तेव्हा उप्पिन चहा पीत होते.

"होय, मीच बंद केलं," ते म्हणाले. "घरी बसून काम करतात की कपडे वाळत घालतात, कळायला नको?"

"आणि रिपोर्ट? तो कशाला वाचलात?"

"समोर आला, वाचला. एवढं काय त्यात, नीलव्वा? उलट तिच्या काळजीपोटीच काम कमी केलं."

"काळजी! नवऱ्याला कसं सांगावं म्हणून ती बाई कुढत बसली होती, आणि तुम्ही चहाचे घोट घेत वाचत होता? संगणक तिचा, घर तिचं, शरीर तिचं! लाज कशी वाटली नाही, सर?"

"आवाज खाली. पगार कोण देतं?"

"पानं लावायचा देता. घरात डोकावायचा नाही!"

ती टेबलाशी परतली आणि एकेकीच्या संगणकातून तो प्रोग्राम काढत गेली. काढण्याआधी प्रत्येकीला फोन करून कारण सांगितलं, मालकांचं नाव घेऊन. उप्पिन दारात उभे राहून ओरडत होते. तिनं मान वर केली नाही. छापखान्यात यायची व्हीपीएनची वाट तिनं तशीच ठेवली, म्हणजे बायकांचं काम अडलं नाही. मग सगळे पासवर्ड उप्पिनांच्या हाती देऊन ती नोकरी सोडून बेटगेरीला घरी गेली.

उप्पिननी तो प्रोग्राम पुन्हा टाकायला हुबळीहून माणूस पाठवला. एकीनंही त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. पुस्तकांचा हंगाम तोंडावर आलेला, या बायकांवाचून चालणार नव्हतं, तेव्हा मालक नमले. सुमंगलाला तिचं पुस्तक परत मिळालं. माफी मात्र कुणालाच मिळाली नाही. नीलांबिकेला परत या म्हणून निरोप आला, ती गेली नाही. आता ती एका कॉलेजातले संगणक सांभाळते.

सुमंगलाचं ऑपरेशन नीट पार पडलं. नीलांबिका रोटी आणि शेंगाचटणी घेऊन भेटायला गेली, दोघी बोलल्या, हसल्याही. पुढे सुमंगलाचा संगणक बंद पडला, तेव्हा तो उचलून रिक्षात घालून तिनं नीलांबिकेच्या घरी आणला.

"दुरून जोडून घेतला असता की गं," नीलांबिका म्हणाली.

"नको अक्का. समोर बसूनच कर."

नीलांबिकेनं संगणक उघडला. तिचा शब्द खोटा पाडणाऱ्या उप्पिनांचा असा संताप तिला त्या दिवशी छापखान्यातही आला नव्हता.