रिकाम्या हातानं घोडीकडं

खानापूरच्या पुढं, लोंढ्याच्या बाजूला एका गावाच्या वर मोठा माळ आहे. तिथं काही गावठी गायी आणि चार तट्टं बाराही महिने मोकळी चरतात. ती चरली की गवत आखूड राहतं आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या टिटव्या-चंडोलांना जागा मिळते, म्हणून गावानं त्यांना मुद्दाम मोकळं ठेवलंय. राखायला कोणी नाही. त्याऐवजी आम्ही हौशी लोक आहोत. प्रत्येकाचा वार ठरलेला. जनावर लंगडतंय का, डोळे स्वच्छ आहेत का, डबक्यात पाणी आहे का, हे लांबून बघायचं आणि कागदावर लिहायचं. हात लावायचा नाही, खायला घालायचं नाही.

माझा वार रविवार. मी बेळगावात जन्मभर शाळेत शिकवलं. निवृत्तीनंतर रागवायला कोणी उरलं नव्हतं, तर ह्या गायी मिळाल्या. कागद मात्र मी फार नेटका भरायची.

त्या तट्टांत एक तपकिरी घोडी होती. गावातल्या धनगर आप्पांची. मेंढरांमागं फिरताना त्यांचं सगळं बिऱ्हाड तिनं पाठीवर वाहिलेलं. आप्पांचे गुडघे गेले, मेंढरं विकली, तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातानं तिचं दावं सोडून तिला माळावर घातली आणि चारचौघांत सांगितलं, "आता हिला पुन्यांदा दावं न्हाय." त्यांना चढ चढवत नव्हता. ते पायवाटेच्या तोंडाशी कट्ट्यावर बसून असायचे.

पहिल्याच रविवारी त्यांनी मला थांबवून हातात गुळाचा खडा ठेवला.

"आप्पा, खायला घालायचं नाही, असा नियम आहे."

"घोडीला भेटायला निघालासा न्हवं बाई? मग रिकाम्या हातानं कसं जातासा?"

मी शेजारणीकडंसुद्धा दोन केळी घेतल्याशिवाय जात नाही. मी खडा घेतला. घोडीनं तो अलगद उचलला आणि माझा तळहात चाटून लख्ख केला. पण गूळ आप्पांचा आणि माझ्याकडून काहीच नाही, हे मला बरं दिसेना. पुढच्या रविवारपासून मी डब्यातून थोडा कुंदाही, आमच्या बेळगावची खव्याची मिठाई, नेऊ लागले. कागदावर 'खायला दिलं का?' असा एक रकाना होता. तिथं मी वळणदार अक्षरात 'नाही' लिहायची. खोटं बोलली म्हणून पोरांना वर्गाबाहेर उभं करणारी ती मीच.

दिवाळीनंतर एका रविवारी घोडी हाकेला आली नाही. पुढचे दोन्ही पाय लांब टाकून नुसती उभी होती. मी फोन केले. जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या, बाकीच्या वारांची मंडळीही धावत आली. डॉक्टरांनी खुरांवर हात ठेवला.

"खूर आतून सुजलेत. हिला गोड कोण घालतंय?"

सगळे टिटव्या बघू लागले.

"हे असंच चाललं तर हिला खाली नेऊन गोठ्यात बांधावी लागेल. कायमची."

निपाणीचे एक अण्णा होते, बँकेत मोठे साहेब. त्यांनी आधी खाकरलं. "आप्पांनी दिलेला गूळ घातला मी. आन् माझी आपली एक पोळी."

मग एकेक करत सगळेच बोलले. रोज आप्पांचा गूळ, आणि वर प्रत्येकाचं आपापलं. शेवटी मी म्हणाले, "कुंदा."

डॉक्टर घोडीकडं बघायचं थांबवून माझ्याकडं बघू लागल्या. "बाई, घोडीला कुंदा?"

अण्णा इतके हसले की त्यांना गवतात बसावं लागलं. मीही हसले, आणि मग मला मनापासून लाज वाटली.

आप्पांना सांगायचं काम माझ्यावर आलं. मी कट्ट्यावर त्यांच्या शेजारी बसून सगळं सांगितलं. ते बराच वेळ खिशातला गूळ चाचपत राहिले.

"म्हंजे, मीच दावं लावाय लागलोतो की तिला."

"सगळ्यांनी मिळून लावत होतो, आप्पा."

त्यानंतर कोणीच काही नेलं नाही. डॉक्टरांचं औषध चालू होतं. मी दर रविवारी जीव मुठीत धरून चढायची. घोडी आधी चार पावलं टाकू लागली, मग डबक्यापर्यंत जाऊ लागली.

संक्रांतीच्या सुमाराला मी कट्ट्याजवळ पोचले, तर आप्पांनी मला पुन्हा थांबवलं. मी रागवायला तोंड उघडलं. त्यांनी खिशात हात घातला नाही. माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, घट्ट चोळला आणि सोडला.

"जावा आता. एवढंच द्या."

वर घोडी स्वतःच चालत माझ्याजवळ आली. चारही पाय नीट टाकत. तिनं आप्पांनी चोळलेला माझा रिकामा तळहात हुंगला, किती तरी वेळ हुंगत राहिली. चाटला मात्र नाही. मग वळली आणि चरत चरत लांब गेली.

मी दगडावर बसून कागद काढला. 'खायला दिलं का?' ह्या रकान्यात 'नाही' लिहिलं. डोळे भरून आल्यामुळं अक्षर जरा वाकडं आलं.