मातीची भूक

अहेरीजवळ माझ्या शेताला लागून एका बाईंचं शेत आहे. त्यात त्यांनी वर्षानुवर्षं कोंबड्यांच्या फार्मचं खत टाकलं. कोंबड्यांना चारलेली औषधं खतातून जमिनीत उतरली नि माती मेली. तिथं पडलेलं पानही कुजेना.

मग कृषी कॉलेजवाल्यांनी ती औषधं खाणारे जिवाणू पिंपातून दिले. बाई ते शिंपडत असताना मी हाक मारली, की ओठांवर बोट ठेवायच्या. "हळू बोल भाऊ, जेवून राह्यले ते."

माती जिवंत झाली का, हे सुती कापड पुरून कळतं. बाई वारलेल्या नवऱ्याचे सदरे पुरायच्या. सदरा दर वेळी अखंड निघायचा. त्या तो झटकायच्या, खांद्यांशी ताणून धरायच्या नि पुन्हा पुरायच्या.

परवा त्यांनी मला बोलावलं. ओंजळीत बटणं नि चार चिंध्या होत्या.

"पाह्य भाऊ, खाल्लं मातीनं!"

"आता पीक येईल, बाई."

"पिकाचं कोण बोलते? आमच्यात मेल्यावर जाळत नाई, वावरातच माती देतेत. मले भेव होतं, हे माती मले तशीच ठेवन."

आणि बाई त्या ओल्या मातीवर निवांत आडव्या झाल्या, जागेचं माप घ्यावं तशा.