कलेक्टरची खाज

आमच्या कुत्र्याचं नाव कलेक्टर होतं. घरात एक तरी कलेक्टर असावा अशी बाबांची फार इच्छा होती, आणि माझे दहावीचे गणिताचे मार्क पाहिल्यावर त्यांनी ती कुत्र्याकडून पूर्ण करून घेतली.

तरीही मी कॉलेजात गेले. आमच्या घरातून गेलेली मी पहिलीच. दिग्रसला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते, आणि सायन्स म्हणजे डॉक्टरी असा आमच्या गावाचा समज होता. मी तो खोडून काढायला हवा होता. पण लोक इतक्या आदरानं जीभ बाहेर काढून दाखवायचे की मला नाही म्हणवायचं नाही.

त्या वर्षी कापसाचा भाव पडला होता. पेपरात आमच्या जिल्ह्याचं नाव रोज यायचं, आणि चांगल्या कारणासाठी एकदाही यायचं नाही. भाव चढेल या आशेवर गावातल्या बहुतेकांनी कापूस घरातच भरून ठेवला. आमच्या दोन खोल्यांपैकी एक आढ्यापर्यंत भरली, दुसरी खिडकीपर्यंत. आई, बाबा, आजी आणि मी उरलेल्या जागेत पाहुण्यांसारखे राहत होतो. कलेक्टर मात्र थेट कापसावर झोपायचा. (इतकी गादी खऱ्या कलेक्टरलाही मिळत नसेल.)

दिवाळीनंतर तो खाजवायला लागला. आधी कान, मग पोट, मग पाठीवरचे केसच जायला लागले. पाठोपाठ आई मान खाजवू लागली, आणि बाबा बैलासारखे दाराच्या चौकटीला पाठ घासू लागले.

"सुजे, पाह्य बरं याले काय झालं," बाबा म्हणाले. "शिकून राह्यली ना तू."

मी लायब्ररीतून एक जाड पुस्तक आणलं, दुपारभर वाचलं, आणि चहाच्या वेळी सगळ्यांसमोर पुस्तकी मराठीत जाहीर केलं, "हा संसर्गजन्य त्वचारोग आहे. तो कुत्र्यापासून माणसाला होतो."

माझं बोलणं घरात सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकण्याची ती पहिलीच वेळ.

"म्हंजे यानं आपल्याले लावली?" आईनं विचारलं.

"पुस्तकात तसंच आहे."

"झालं मंग," बाबा म्हणाले. "परवा बैलाइचं कुटार घेऊन ट्रकवाला येते. जाताना पांढरकवड्याच्या हायवेवर सोडाले सांगतो याले. ढाब्यावर पोट भरते कुत्र्याचं."

कलेक्टर शेपूट हलवत होता. एवढ्या लोकांनी एकदम आपल्याकडं पाहिलं म्हणजे कौतुकच असणार, असं त्याला वाटलं असावं. पिल्लू असताना ओढ्याकाठून त्याला मीच उचलून आणलं होतं, आणि आता माझ्याच व्याख्यानानं तो घराबाहेर चालला होता.

"बाबा, इलाज असते ना त्याच्यावर."

"केवढ्याचा?"

हे पुस्तकात दिलेलं नव्हतं.

"शंभराच्या वर एक रुपया नाही," बाबांनी निकाल दिला.

"शंभर?" कोपऱ्यातून आजी म्हणाली. "माह्या डोळ्याच्या आपरेशनले तं एक पैसा नाही लागला. शिबिरात झालं."

"म्हणूनच तुले दिसत नाही, माय."

"मले समदं दिसते. तुह्या दाताले किती लागले, तेबी दिसते."

बाबांच्या कवळीचा विषय निघाला की चर्चा आपोआप संपते. ठरलं असं : शंभरात बरा झाला तर कलेक्टर घरात, नाही तर ट्रकमध्ये.

दुसऱ्या दिवशी सायकलच्या कॅरिअरवर टोपलं बांधून मी त्याला आत बसवत होते, तेवढ्यात आई जवळ आली.

"त्या डॉक्टरले आमचंबी इचारून घे. चामडीच्या डॉक्टरले दाखवाचं म्हणजे यवतमाळ गाठा, तिकडं भाडं, फी. पण आमचं हाये म्हणून नको सांगू. लोक हासतीन. कुत्र्याचंच म्हणून सांग."

मी प्रामाणिक मुलगी. रस्ताभर सगळ्यांची लक्षणं पाठ करत गेले.

दिग्रसला जनावरांचे डॉक्टर एका बकरीला इंजेक्शन देऊन मोकळे झाले आणि त्यांनी कलेक्टरला टेबलावर घेतलं.

"कुठं कुठं खाजवते?"

"पाठीवर." (बाबा.) "मानेवर." (आई.) "आणि कमरेला, नाडा बांधतो तिथं." (हेही आईचंच, पण एकदा सुरू झाल्यावर मला थांबता आलं नाही.)

डॉक्टरांचा पेन थांबला. "कुत्रं?"

"पट्टा. पट्टा म्हणायचं होतं."

"पट्टा गळ्यात असते, बाई."

"हो. पण तो खाली सरकतो."

डॉक्टरांनी कलेक्टरच्या गळ्याकडं पाहिलं. पट्टा नव्हताच.

"कोणत्या वेळेला वाढते?"

"भाकरी थापताना," मी पाठ केलेलं म्हणून टाकलं. मग सावरून घेतलं, "म्हणजे, जवळ बसून पाहताना."

डॉक्टर आता कुत्र्याकडं पाहतच नव्हते. ते माझ्याकडं पाहत होते. बोलता बोलता मी कोपर टेबलाच्या कडेला घासत होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"घरात कापूस भरला काय?"

"हो."

"कुठवर?"

"आढ्यापर्यंत."

"सध्या घरोघरी हेच चालू आहे," डॉक्टर म्हणाले. "कुत्र्यानं तुमाले काही लावलं नाही. कापसातल्या बारीक किड्याइनं तुमाले अन् कुत्र्याले, सगळ्याइले लावलं. कापूस बाहेर काढा, नाही तं तुम्ही बाहेर निघा." त्यांनी एक बाटली दिली. "हे पाण्यात मिसळून त्याच्या पाठीले लाव. फक्त त्याच्या."

शंभरातले निम्मेही गेले नाहीत. मी उड्या मारत घरी आले आणि निदान सांगितलं. बाबांनी कापसाच्या ढिगावर हात ठेवला.

"म्हंजे भाव पडला असताना कुत्र्याच्या खाजेपायी कापूस इकू?"

"खाज आपल्यालेबी आहे ना, बाबा."

"आपण सोसून राह्यलो. हा इलाज शंभराचा नाही पोरी, साऱ्या हंगामाचा आहे. उद्या ट्रक येते. जाऊ दे त्याले."

कापूस आत्ता विकला तर आमचं वर्ष गेलं असतं, हे मलाही कळत होतं. आई मान खाजवत होती. आजी मात्र उठली. तिनं आपली गोधडी काखेत मारली आणि कलेक्टरला टिचकी वाजवून बोलावलं.

"कुठं चालली, माय?"

"गोठ्यात. आमी दोघं तिकडं राहू. कापूस राहू दे घरात, त्याचा भाव चढन. माहा आता काई चढत नाही."

"काहून असं करते? लोक काय म्हणतीन?"

"डॉक्टरनं सांगितलं म्हणतीन."

सासू गोठ्यात आणि आपण घरात, हे गावाला दिसणं आईला परवडणारं नव्हतं. तिनं भांडी उचलली. मी पुस्तकं उचलली. बाबा एकटेच कापूस राखत आत राहिले. ट्रक आला आणि गेला. जाताना ट्रकवाल्यानं विचारलं, "कुत्रं न्यायचं होतं ना?" बाबा चौकटीला पाठ घासत म्हणाले, "त्याले आता सवड नाही. घरचे समदे त्याच्याकडं राह्याले गेले."

त्या संध्याकाळी तेही घोंगडी घेऊन गोठ्यात आले. "बैलाइले पाहाले आलो," म्हणाले, आणि कलेक्टरच्या शेजारी आडवे झाले.

डॉक्टरांचं बरोबर होतं. कलेक्टरच्या पाठीवर लव दिसू लागली. आजीची, आईची, बाबांची खाज आपोआप उतरत गेली. माझीही उतरत होती. पण मी सायन्सची विद्यार्थिनी. आपोआप बरं होणं मला पटेना. शिवाय कॉलेजच्या संमेलनात मला आभार मानायचे होते, आणि गालावर थोडे लाल ठिपके राहिले होते. बाटलीत औषध उरलं होतं. त्वचा शेवटी त्वचाच, असा मी विचार केला. बाटलीवर जनावराच्या वजनाप्रमाणे मात्रा लिहिली होती. मी साधारण तीन कलेक्टरांएवढी भरत होते. पाणी न घालता तिप्पट लावलं.

सकाळी माझे डोळे उघडेनात आणि आजीनं मला ओळखलं नाही.

बाबांनी मला दिग्रसला माणसांच्या डॉक्टरकडं नेलं. इंजेक्शन, गोळ्या, मलम, पुन्हा दाखवायला या. बाबांनी कुत्र्याचे उरलेले पैसे काढले, मग धोतराच्या कनवटीतले काढले, मग बाहेर जाऊन कोणाकडून तरी आणले. शंभराची मर्यादा कुठल्या कुठं मागं राहिली, आणि ती घालणारा माणूस या वेळी एका शब्दानं बोलला नाही.

डॉक्टर रिकामी बाटली फिरवून पाहत होते.

"हे तर जनावराचं औषध आहे. कोणत्या जनावरासाठी आणलं होतं?"

माझे ओठ एवढे सुजले होते की मला बोलता येत नव्हतं. बाबांनी सांगायला तोंड उघडलं, माझ्याकडं एकदा नीट पाहिलं, आणि शांतपणे माझ्याकडं बोट केलं.

"हिच्याचसाठी."